सांध्यांची प्रश्नोत्तरे : कोपर नुसतं वाकतं की फिरतंही?

प्रश्न : मला दिवसभर कडाकडा बोटं मोडायची सवय आहे. आई म्हणते, म्हातारपणी संधिवात होईल. खरं का?

नाही, निदान तसा संबंध आजवर दिसलेला नाही. डोनाल्ड उंगर या अमेरिकन डॉक्टरांनाही लहानपणी आई आणि मावश्या-आत्या असंच बजावत. त्यांनी ५० वर्षं रोज फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याला हात लावला नाही आणि १९९८ साली जाहीर केलं की संधिवात दोन्ही हातांत नाही. एका माणसाच्या हट्टाला पुरावा म्हणता येत नाही, पण पुढे बऱ्याच लोकांचे हात तपासले तेव्हाही वेगळं काही निघालं नाही.

आवाज हाडं घासल्याचा नसतो. बोट ओढलं की सांध्यातली दोन टोकं झटकन दूर होतात, आतल्या वंगणावरचा दाब घटतो आणि तिथे वायूची पोकळी तयार होते. २०१५ साली एमआरआयमध्ये हे चित्र टिपलं गेलं. म्हणूनच तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण २० मिनिटं थांबावं लागतं. मोडताना दुखत असेल किंवा सांधा सुजत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. (दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडण्याचे परिणाम माझ्या विषयात येत नाहीत.)

प्रश्न : शाळेत शिकलो की कोपर म्हणजे बिजागरीचा सांधा, दारासारखा एकाच दिशेने उघडणारा. मग तळहात उलटासुलटा कसा होतो?

शाळेतलं उत्तर अर्धं बरोबर आहे. दंडाचं हाड आणि हाताचं करंगळीकडचं हाड यांच्यात खरोखरच बिजागरी असते. पण कोपराखाली हाडं दोन आहेत, आणि अंगठ्याकडचं हाड फिरतं.

करून बघा. उजवं कोपर कमरेला टेकवून काटकोनात वाकवा, तळहात वर. आता डाव्या हाताची बोटं कोपराच्या बाहेरच्या बाजूला, टणक उंचवट्याच्या किंचित पुढे ठेवा आणि उजवा तळहात सावकाश पालथा करा. बोटांखाली एक गोल डोकं गरगर फिरल्याचं लागेल. तेच ते हाड. तळहात वर असताना दोन्ही हाडं शेजारी-शेजारी असतात. पालथा केला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून तिरकं जातं. करंगळीकडचं जवळपास जागेवरच राहतं.

तळहात उताणा करण्याचं मोठं काम दंडातला बेटकुळीचा स्नायू करतो, तेही कोपर वाकलेलं असताना जास्त जोराने. स्क्रू पिळताना उजव्या हाताचा दंड फुगतो तो त्यामुळे. तोच घट्ट स्क्रू उजव्याच हाताने सोडवायचा तर हा स्नायू उपयोगाचा नाही.

फिरणारं ते डोकं एका कड्यासारख्या अस्थिबंधात, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणाऱ्या चिवट पट्टीत, अडकवलेलं असतं. साधारण ५ वर्षांच्या आतल्या मुलांत हे कडं पक्कं धरत नाही. मुलाला एका हाताने हिसका देऊन उचललं की डोकं त्यातून सटकतं, मूल रडतं आणि हात हलवायलाच तयार होत नाही. डॉक्टर ते सहसा क्षणात बसवतात. घरी प्रयोग करू नका, आणि मुलांना उचलताना काखेत हात घाला.

प्रश्न : गुडघा तरी निव्वळ बिजागरी आहे ना?

तोही नाही. खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीवर, टाच न हलवता चवडा आत-बाहेर फिरवा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो उंचवटा लागतो, तो डावी-उजवीकडे सरकेल. आता पाय सरळ ताणून तेच करा. या वेळी मांडी आणि वाटीही बरोबर फिरतात, म्हणजे फिरणं खुब्यातून होतंय. गुडघा कुलूपबंद आहे.

पाय ताठ होताना अगदी शेवटी नडगी थोडी बाहेर वळते आणि अस्थिबंध ताणले जातात. म्हणून उभं राहायला मांडीच्या स्नायूंना सतत कष्ट पडत नाहीत. वाकताना गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू हे कुलूप उघडतो.

प्रश्न : मुलीचा अंगठा मागे वळून मनगटाला टेकतो. तिला जादा सांधा आहे का?

सांधे सगळ्यांना तेवढेच. तिचे अस्थिबंध सैल आहेत, इतकंच. लहानपणी हे पुष्कळांत असतं आणि वयाबरोबर कमी होतं. दुखत नसेल तर उपचार नको. सांधे वारंवार निखळत असतील किंवा खेळल्यावर रोज दुखत असतील, तर तपासून घ्या. आणि पाहुण्यांसमोर अंगठा वळवून दाखवायला तिला सारखं सांगू नका.