आम्ल घालण्याआधी पाण्याचा हिशोब कर
पॉलिस्टायरीन आणि पॉलि(२-व्हिनाइलपिरिडीन)चा ब्लॉक कोपॉलिमर (दोन वेगळ्या पॉलिमरचे तुकडे टोकाला जोडलेली साखळी) टीएचएफ, म्हणजे टेट्राहायड्रोफ्युरान, या द्रावकात सुटा विरघळतो, कारण दोन्ही तुकड्यांना ते द्रावक मानवतं. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की पिरिडीनच्या नायट्रोजनला प्रोटॉन चिकटतो आणि तो तुकडा आयनी होतो. कमी ध्रुवीय द्रावकात मग तो आत गाभ्यात दडतो, पॉलिस्टायरीन बाहेर झालर धरतं. झाला मायसेल, म्हणजे साखळ्यांचा बारीक गोळा.

गोची पुढे आहे. बाटलीतलं ३७ टक्के आम्ल म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, आणि पाणी पॉलिस्टायरीनला सोसत नाही. द्रावण दुधाळ झालं ते नक्की कशामुळे, आम्लामुळे की पाण्यामुळे? तेवढंच पाणी, पण आम्लाविना, घातलेला नमुना शेजारी ठेव. जमलं तर डायऑक्सेन या द्रावकातलं कोरडं, म्हणजे पाण्याविना, आम्लच घे. आम्लाचं प्रमाण काढताना पॉलिमरचे नव्हे, व्हिनाइलपिरिडीन एककांचे मोल धर (एकक १०५ ग्रॅम प्रतिमोल). थेंबाथेंबाने घाल, ढवळत राहा.

आणि हो, मायसेलचा आकार सांगणाऱ्या प्रकाश-विकिरणाच्या मोजणीला काचेचीच कुव्हेट (नमुना ठेवायची छोटी चौकोनी नळी). स्वस्तातली प्लास्टिकची पॉलिस्टायरीनचीच असते, टीएचएफमध्ये विरघळते. माझी एक अख्खी दुपार त्यात गेली होती.

शेवटी थोडं ट्रायइथाइलअमीन, म्हणजे प्रोटॉन काढून घेणारा अल्क, घालून बघ. मायसेल सुटले तर श्रेय आम्लाचंच. फक्त आम्ल आणि अमीनचं खाली बसलेलं मीठ मोजणीआधी गाळून घे.