दहा गुंठ्यांचं लॉन आणि निवृत्तीची पुंजी

वाचकाचा प्रश्न : वय ६१. गेल्या वर्षी खासगी कंपनीतून निवृत्त झालो. पुंजी ६२ लाख, तिचं व्याज वर्षाला ४ लाख ३४ हजार. ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन महिना ६ हजार, घरखर्च महिना ३८ हजार. भोरजवळ वाटणीत आलेली २० गुंठे जमीन कित्येक वर्षं पडीक आहे. घाणेरी, गाजरगवत, बाभळी नुसत्या माजल्यात. तिथलं जुनं घर दुरुस्त करून घेतलं आहे. विहीर मार्चमध्येच तळ गाठते, टँकर दीड हजाराला पडतो. घरासमोर १० गुंठ्यांवर लॉन करायचं मनात आहे. ठेकेदार सगळं धरून चौरस फुटाला ५५ रुपये सांगतो, म्हणजे जवळपास ६ लाख. त्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतलं ६ लाखांचं खातं बंद करावं का? उघडून सव्वा वर्ष झालं. जमीन अशीच ठेवली तर बांध सरकेल ही भीती आहे. मेहुणे म्हणतात, लॉन लग्नकार्याला भाड्याने दे, पैसे वसूल होतील.

उत्तर : खातं बंद करू नका. लॉन जरूर करा, पण १० गुंठ्यांवर नको आणि यंदा तर नकोच.

ठेकेदाराचा दर मला फार वावगा वाटत नाही. माझी काळजी लॉन लावून झाल्यावरच्या खर्चाची आहे. १० गुंठे म्हणजे साधारण १,०१० चौरस मीटर. मार्च ते मे या दिवसांत हिरवं राहायला लॉनला रोज निदान ५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे दिवसाला ५ हजार लिटर. तुमची विहीर मार्चमध्येच तळ गाठते असं तुम्ही लिहिलं आहे. मग १० हजार लिटरचा टँकर दिवसाआड आला. पाऊस येईपर्यंतच्या शंभर दिवसांत ५० टँकर, तुम्ही कळवलेल्या दीड हजाराच्या भावाने ७५ हजार रुपये. माळी महिना ५ हजारांनी वर्षाला ६० हजार. खत, पेट्रोल, मशीनची पाती, तुटलेले स्प्रिंकलर यांचे १५ हजार धरा. झाले दीड लाख, दरवर्षी. एवढी रक्कम सात टक्के व्याजातून काढायची तर सुमारे साडेएकवीस लाख रुपये निव्वळ गवतासाठी बाजूला ठेवावे लागतील.

आता तुमचा ताळेबंद बघा. व्याज आणि पेन्शन मिळून वर्षाला ५ लाख ६ हजार येतात, खर्च ४ लाख ५६ हजार. हातात ५० हजार उरतात. या खात्यावर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला १२,३०० रुपये मिळतात, वर्षाला ४९,२००. ते थांबले की शिल्लक संपली. नंतरचा दीड लाख मुद्दलातून जाणार, आणि मुद्दल घटलं की पुढच्या वर्षीचं व्याजही घटणार. महागाई यात मी अजून धरलेलीच नाही. शिवाय वर्ष झाल्यावर, पण दोन वर्षांच्या आत खातं बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात. ते ९ हजार उगाच जातील.

लग्नांचं म्हणाल तर तो सरळसरळ धंदा झाला. शेतजमिनीचा तसा वापर करायला बिगरशेतीची बाजू आधी पक्की करावी लागते. मग पार्किंग, स्वच्छतागृहं, जनरेटर, रात्री दहाला बंद करायचे स्पीकर. त्या भाड्याला शेती उत्पन्नाची करमाफीही मिळत नाही. निवृत्तीनंतर हा व्याप तुम्हाला हवा आहे, असं तुमच्या पत्रात कुठेच दिसलं नाही.

बांधाची भीती मात्र खरी आहे, आणि तिच्यावरचा खर्च मी सर्वांत आधी करायला सांगेन. लॉनने बांध सरकायचा थांबत नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, हद्दीच्या खुणा कायम करून घ्या, लगतच्या खातेदारांना त्या वेळी हजर राहायला सांगा. मग त्या खुणांवर दगड किंवा सिमेंटचे खांब आणि तार. डिसेंबरमध्ये हद्दीलगत दहा-बारा फुटांचा जाळपट्टा साफ ठेवा, म्हणजे शेजारचा वणवा आत शिरणार नाही.

रान साफ करायची घाई करू नका, कारण घाईत पैसे दोनदा जातात. तिथला लव्हाळा, म्हणजे गवतासारखं चिवट तण, एकदा उपटून पाहा. पात हातात येते, पण दोऱ्यासारख्या मुळांना लागलेल्या काळ्या गाठी मातीतच राहतात आणि एकेका गाठीतून पुन्हा कोंब फुटतो. जेसीबीने वरवर साफ करून, लाल माती पसरून त्यावर लॉनचा गालिचा अंथरला, तर पहिल्याच पावसाळ्यात लव्हाळा तो भेदून वर येतो. त्यापेक्षा गाजरगवत फुलावर यायच्या आधी कापून घ्या (हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, त्याने अंगाला खाज सुटते). घाणेरी आणि बाभळी मुळासकट काढा. उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्या आणि पहिल्या पावसावर ताग दाट पेरा. दीड-दोन महिन्यांत फुलावर आला की गाडून टाका. तागाच्या सावलीत बरंचसं तण दबतं आणि जमिनीलाही खत मिळतं.

त्यानंतर जमिनीत असलेली हरळी (दूर्वा) पसरू द्या. पावसाळ्यात ब्रश कटरवाल्याला बोलावून तीन-चारदा कापून घेतली की नातवंडांना क्रिकेट खेळायला झकास मैदान होतं. उन्हाळ्यात ती पिवळी पडेल, पडू द्या. खालच्या मुळ्या जिवंत राहतात, एक-दोन चांगल्या सरी झाल्या की पुन्हा हिरवी होते. तिला टँकर लागत नाही.

आणि ओट्यासमोर एक गुंठा, ३३ बाय ३३ फूट, खरं लॉन करा. ठेकेदाराच्या दराने ६० हजार. त्याला उन्हाळ्यात रोज ५०० लिटर पाणी पुरेल, सगळ्या उन्हाळ्यात पाचेक टँकर, साडेसात हजार रुपये. संध्याकाळी दोघांनी खुर्च्या टाकून बसायला आणि मुलगी आली की पंगत मांडायला एवढी जागा पुष्कळ झाली.

यंदाची ५० हजारांची शिल्लक मोजणीला आणि साफसफाईला वापरा. कुंपण एकदम झेपलं नाही तर आधी रस्त्याची आणि वादाची बाजू घ्या. पुढच्या वर्षीच्या शिल्लकीतून लॉन, वरचे दहा हजार त्या वर्षी घरखर्चातून काढता येतील. ठेकेदाराकडून मातीची जाडी, लॉनची जात आणि लव्हाळा पुन्हा आल्यास किती महिने मोफत काढून देणार, हे लेखी घ्या. पैसे तीन टप्प्यांत द्या, शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावर.