जँगोमध्ये (पायथनमधलं ओपन सोर्स वेब फ्रेमवर्क) योगदान द्यायचंय, सुरुवात कुठून करू?

पायथन बऱ्यापैकी येत असेल तर जँगोच्या अधिकृत ट्युटोरियलमधलं मतदानाचं छोटं ॲप शेवटपर्यंत स्वतः टाइप करून बनवा. मॉडेल, व्ह्यू, टेम्प्लेट, ॲडमिन, टेस्ट सगळं हाताखालून जातं. नुसते व्हिडिओ बघून ते होत नाही.

मग गिटहबवरून जँगोचा सोर्स कोड क्लोन करा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये इन्स्टॉल करा आणि टेस्ट्सच्या फोल्डरमधली रनटेस्ट्स स्क्रिप्ट चालवून बघा.

बगची नोंद ट्रॅक (Trac) या जँगोच्या वेगळ्या बग-नोंदणी साइटवर होते, गिटहबच्या इश्यूजमध्ये नाही. नवखे इथेच गोंधळतात. तिथे ‘ईझी पिकिंग्ज’ची, म्हणजे नवख्यांना जमतील अशी सोपी तिकिटं (बगच्या नोंदी) वेगळी काढता येतात. पण माझं ऐकाल तर पहिलं काम कोडचं नसावंच. अजून न तपासलेलं एखादं तिकीट उघडा, दिलेल्या पायऱ्यांनी तो बग तुमच्या मशीनवर येतो का बघा आणि जँगो-पायथनच्या व्हर्जनसकट काय दिसलं ते लिहा. या कामाला माणसं कायम कमी पडतात. दुरुस्ती करायचीच असेल तर तिकीट स्वतःच्या नावावर घ्या आणि आधी फेल होणारी टेस्ट लिहा, मग कोड.

आणि हो, जँगोचे संदेश मराठीतही येतात. ते भाषांतर ट्रान्सिफेक्स या ऑनलाइन भाषांतराच्या साइटवर चालतं, तिथे आपली माणसं हवीच आहेत.