वेल्सच्या डोंगरमाथ्यावरचे दगड: तुमचे प्रश्न आणि आमची उत्तरं

गेल्या अंकात वेल्सच्या डोंगरांवरचा छोटा लेख आला आणि त्यावर एवढे मेल आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत.

ताई, आम्ही स्वान्सीला राहतो. सासूसासरे आले होते तेव्हा सगळे मिळून पेन अ व्हान चढलो. माथ्यावर दगडांचा मोठा ढीग आहे, सासऱ्यांनी वाटेत उचललेला एक दगड नमस्कार करून त्यावर ठेवला. शेजारी उभ्या असलेल्या एका बाई हळूच म्हणाल्या, असं नका करू, ही कबर आहे. आम्ही सगळेच ओशाळलो. खरंच कबर आहे का? सह्याद्रीत तर वाट चुकू नये म्हणून आम्ही लगोऱ्या रचतच असतो.

अहो ओशाळू नका, मीसुद्धा पहिल्यांदा अशाच एका ढिगावर बसून डबा खाल्लाय आणि नंतर कळल्यावर घास आठवून आठवून लाज वाटली. हो, कबरच आहे ती. पेन अ व्हान म्हणजे ८८६ मीटर, दक्षिण वेल्समधलं सगळ्यात उंच शिखर, त्यावर आणि शेजारच्या कॉर्न दी वर कांस्ययुगातल्या म्हणजे ढोबळमानाने ४,००० वर्षांपूर्वीच्या दगडी राशी आहेत, मधोमध सपाट दगडांची पेटी, त्यात मृताचे अवशेष आणि वरून दगड. वेल्श भाषेत अशा राशीला कार्न किंवा कार्नेद म्हणतात आणि उत्तरेकडच्या एका आख्ख्या पर्वतरांगेचं नावच त्यावरून कार्नेदाय पडलंय.

त्याच भागात पश्चिमेला व्हान व्होइल नावाचा माथा आहे. तिथली रास या शतकाच्या सुरुवातीला नीट खणली तेव्हा दफनाच्या जागी मेडोस्वीट या फुलाचे परागकण सापडले. हे एक पांढरट, मधासारख्या वासाचं रानफूल आहे, ओलसर जागी येतं, आणि तिथे ते एवढं सापडलं याचा अर्थ बहुतेक कोणीतरी खालून फुलं तोडून वर आणून ठेवली असणार. मला तर सोनंबिनं सापडण्यापेक्षा हे जास्त भारी वाटतं, एवढ्या वाऱ्यात कोणीतरी हातात फुलं घेऊन तो चढ चढलंय.

आता लगोरीचं. वाट दाखवायला रचलेली लगोरी बारीक, उभी आणि वाटेच्या कडेला असते. जुनी रास रुंद, बसकी, कडेने गवतात रुतलेली, आणि बऱ्याचदा अगदी टोकावर नसून जरा पुढे, कड्याच्या बाजूला असते म्हणजे खालच्या दरीतल्या वस्तीला ती आभाळाच्या रेषेवर दिसावी, वर येणाऱ्यांपेक्षा खाली राहणाऱ्यांसाठीच ती बांधलेली असते असं म्हणा ना. त्यावर दगड ठेवला तर आकार बदलतो, आणि त्याहून वाईट म्हणजे लोक त्यातलेच दगड काढून वाऱ्याला आडोसा करतात, मधे बसायला खड्डा, बाजूने भिंत, आणि खालची पेटी उघडी. यातल्या बऱ्याच राशी संरक्षित स्मारकं आहेत, त्यांचं काम काडू ही सरकारी संस्था बघते, आणि परवानगीशिवाय तिथले दगड हलवणं किंवा नुकसान करणं गुन्हा आहे. सासऱ्यांच्या एका दगडासाठी कोणी दारात येणार नाही, पण पुढच्या वेळी नमस्कार नुसता हात जोडून करा.

नाशिकहून विचारतोय. फोटोत डोंगरावर तटबंदी आणि आत गोल गोल घरांचे पाये दिसले. हा किल्ला म्हणायचा की गाव? राजा कोण होता?

राजाचं नाव कोणालाच सांगता येणार नाही कारण तिथल्या लोकांनी लिहून काही ठेवलंच नाही. फोटो बहुधा त्रेर केइरीचा असावा, वायव्य वेल्समधल्या ल्लीन द्वीपकल्पावर, समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरच्या वर. नावाचा अर्थ राक्षसांचं गाव आणि खरंच तिथे उभं राहिलं की तसंच वाटतं. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड रचलेला तट आणि काही ठिकाणी तो अजून ३ मीटरच्या वर उभा आहे, वर चालायची वाट शाबूत आहे, आत १५० च्या आसपास घरं.

किल्ला की गाव, तर दोन्ही. इंग्रजीत हिलफोर्ट म्हणतात त्यामुळे आपल्या डोळ्यासमोर लगेच तोफा, बुरुज, वेढा वगैरे येतं, पण इथे लोक राहायचे, सूत कातायचे, गुरं राखायची. तट शत्रूसाठी होताच पण पाहणाऱ्यावर छाप पडावी म्हणूनही होता असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. एवढ्या उंचीवर थंडीत कोण राहणार, फक्त उन्हाळ्यात गुरं घेऊन येत असतील असाही एक मतप्रवाह आहे.

मला यातलं सगळ्यात गमतीचं वाटतं ते रोमनांचं. इसवी सन ७० च्या दशकाच्या शेवटी रोमनांनी उत्तर वेल्स जिंकलं, आजच्या कायरनार्व्हनला सेगोन्टियम नावाचा लष्करी तळ बांधला, तो त्रेर केइरीहून फार लांब नाही, आणि तरी इथली वस्ती उठली नाही, उलट इथे सापडलेल्या बऱ्याच वस्तू रोमन काळातल्याच आहेत, चौथ्या शतकापर्यंतच्या. घरं बघितली तरी कळतं, आधीची मोठी गोल घरं आणि नंतर त्यांच्यातच भिंती घालून केलेल्या छोट्या खोल्या. म्हणजे भावाभावांत वाटण्या झाल्या की काय, असं आपल्या मराठी मनाला लगेच वाटतंच, पण पुरावा तेवढं सांगत नाही.

मग हे ढीग आणि किल्ले एकाच लोकांनी बांधले का?

नाही आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते, आमच्या गेल्या लेखात पण हे नीट आलं नव्हतं, चूक आमची. राशी कांस्ययुगातल्या, तटबंदीच्या वस्त्या मुख्यतः लोहयुगातल्या, मधे हजार, कुठे कुठे दीड हजार वर्षं. म्हणजे आपल्यात आणि राष्ट्रकूटांमध्ये जेवढं अंतर आहे तेवढं.

पण दोन्ही एकाच माथ्यावर सापडतात ना! पेम्ब्रोकशरमध्ये प्रेसेली डोंगरात व्होइल द्रिगार्न आहे, नावातच तीन राशी आहेत, तीन कार्न असलेला बोडका डोंगर. या तीन भल्यामोठ्या राशी माथ्यावर आधीपासून होत्या, नंतर लोहयुगातल्या लोकांनी त्यांच्या भोवतीच तट बांधला आणि उतारावर घरांसाठी २०० च्या वर सपाट्या कापल्या. १८९९ मध्ये तिथे खणलं तेव्हा काचेचे मणी, सूत कातायच्या चात्या, खापरं असं रोजच्या वापरातलं सामान मिळालं. त्रेर केइरीत पण अगदी वरच्या टोकाला जुनी रास आहे, तटाच्या आत.

आता विचार करा. तट बांधायला तुम्हाला हजारो दगड हवेत, आणि हाताशी आयते रचलेले दगड पडलेत, उचलायचे आणि लावायचे, आणि तरी या राशी अजून उभ्या आहेत. भीती होती, मान होता, की हे आमचे पूर्वज आहेत म्हणून ही जमीन आमची असं शेजारच्यांना दाखवायचं होतं? माझं मत विचाराल तर तिसरं, थोडं दुसरं मिसळून. गावात जुनं थडगं असलं की त्याचं नाव माहीत नसलं तरी नांगर त्याला वळसा घालून जातो, तसंच काहीसं.

आजच्या माणसांनी मात्र एवढी कदर केली नाही. पेनमायनमावरला ब्राइख अ दिनास नावाची मोठी वस्ती होती, ती १९२० च्या दशकात दगडाच्या खाणीत गेली, आख्खी. ब्रिन कादेर व्हानेर म्हणून एक फार सुंदर रास आहे, कडेने बाहेर झुकलेले टोकदार दगड, लांबून काटेरी मुकुट दिसतो, ती आधी खजिना शोधणाऱ्यांनी उकरली आणि मग दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सैन्याच्या सरावात तिचे बरेच दगड गेले.

खजिना सापडलाय का कुठे?

एकदा सापडलाय आणि तो बघून डोळे दिपतात. १८३३ मध्ये ईशान्य वेल्समधल्या मोल्ड गावाजवळ मजूर एका टेकाडातले दगड काढत होते, टेकाडाचं नाव ब्रिन अर एल्लिल्लोन, म्हणजे भुताखेतांची टेकडी. आत सांगाडा आणि त्यावर चुरगळलेला सोन्याचा पत्रा. लोकांनी तुकडे वाटून घेतले. पुढे ब्रिटिश म्युझियमने वर्षानुवर्षं ते गोळा करून जोडले तर ती निघाली खांद्यावरची सोन्याची केप, एकाच सोन्याच्या लगडीतून ठोकून काढलेली, अर्धा किलोच्या थोडी वर, सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची. माप इतकं लहान की घालणारी व्यक्ती अगदी बारीक चणीची असणार. सोबत अंबरचे, म्हणजे झाडाच्या दगडासारख्या झालेल्या जुन्या राळेचे, शेकडो मणी होते म्हणे, त्यातला एकच म्युझियमपर्यंत पोचला. पण ही टेकडी खालच्या सपाटीवर होती, डोंगरावरच्या राशींत बहुतेक राख, हाडं आणि एखादं मडकं असतं, तेव्हा कुदळ घेऊन निघू नका.

मी नागपूरची. आमच्या जुनापाणीला पण दगडांची वर्तुळं आणि खाली दफनं आहेत. वेल्सशी काही संबंध?

माणसांचा नाही. विदर्भातली शिळावर्तुळं लोहयुगातली, वेल्सच्या राशी त्यांच्याहून बऱ्याच जुन्या, आणि मधे अर्धं जग. पण शब्दांचा संबंध आहे. १९ व्या शतकात मेडोज टेलरसारखे ब्रिटिश अधिकारी दख्खनमधल्या अशा जागा बघून लिहायला बसले तेव्हा त्यांनी सरळ आपल्या घरचे शब्द वापरले, क्रॉमलेक आणि किस्टव्हेन. क्रॉमलेक मूळ वेल्श, वाकडी शिळा, आणि किस्टव्हेनच्या मुळाशी असलेला वेल्श शब्द म्हणजे दगडी पेटी, तीच जी पेन अ व्हानवर आहे. जुन्या रिपोर्टात हे शब्द दिसले तर गोंधळू नका.

या राशींच्या काही गोष्टी, दंतकथा आहेत का? मुलांना सांगायच्यात.

भरपूर. वेल्सचं सगळ्यात उंच शिखर, १,०८५ मीटरचं अर विद्व्हा, ज्याला इतकी वर्षं स्नोडन म्हणायचे, त्या नावाचा अर्थच थडगं. रिटा नावाचा राक्षस राजांच्या दाढ्या कापून त्यांचा झगा शिवायचा, आर्थर राजाने त्याला मारलं आणि वर दगड रचले ते हे.

पण स्वान्सीच्या सासऱ्यांसाठी दुसरी सांगते. मध्य वेल्समध्ये कार्न गव्हाल्ट नावाचा डोंगर आहे, त्याची गोष्ट ९ व्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथात आलीये. आर्थरचा कुत्रा काव्हाल रानडुकराच्या मागे धावताना एका दगडावर त्याचा पाय उमटला, आर्थरने तो दगड राशीवर ठेवला. लोक येतात, तो दगड उचलून एक दिवस एक रात्र घेऊन फिरतात आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर दगड परत आपल्या ढिगावर.