आण्णांची चप्पल आणि न सुचणारं गाणं

"मॅडम, आधी नुसतं बसलो तरी सुचायचं, आता सुचतच नाही, माझ्यातलं संपलं का हो?" मी समुपदेशन करते, हा प्रश्न घेऊन येणारे बरेच असतात, गाणी लिहिणारे, रील बनवणारे, एकदा तर रांगोळी काढणाऱ्या एक काकू आल्या होत्या. त्यातल्या एका मुलाचं सांगते. त्याला विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय 26. नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटीला, सेकंड शिफ्ट, घर ओझरच्या पुढं, वडलांची, म्हणजे आण्णांची, द्राक्षबाग. मित्र चाल लावतो, हा शब्द लिहितो. यूट्यूबवर एक गाणं बऱ्यापैकी चाललं आणि त्यानंतर 8 महिने एक मुखडा धड पूर्ण नाही. घरी सांगितलं डोळे तपासायला जातोय, आणि आला कॉलेज रोडला माझ्याकडे.

आधी मी गाण्याचं काही विचारलंच नाही. झोप, भूक, मित्रांत मन लागतं का, हे विचारलं. कारण दोन आठवडे झोप उडालीय, जेवण जात नाहीये, आवडीचं काहीच नकोसं झालंय असं असेल तर ते 'सुचत नाही' नसतं, ते डिप्रेशन असू शकतं आणि मग आधी डॉक्टर, गाणं नंतर. ह्याचं तसं नव्हतं, येताना मिसळ खाऊन आला होता, वर एक्स्ट्रा पाव.

मग कळलं की साहेब 'मूड'च्या मागे लागलेत. सुट्टीच्या संध्याकाळी सोमेश्वरला धबधब्यावर जाऊन बसायचं, पाऊस आला की अंजनेरी, नवीन माइक घेतला, कुणीतरी सांगितलं म्हणून दोन पेग मारून पण बघितले (त्यानं फक्त झोप आली). वही कोरी. मला म्हणतो, बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला तर झोपेतून उठल्या उठल्या चाल सुचली होती. म्हणलं अरे हो, सुचली, पण शब्द जुळेनात म्हणून किती दिवस तो त्या चालीवर अंड्याच्या भुर्जीचे कायतरी भरतीचे शब्द गात फिरत होता, ते पण बघ ना! ते गाणं, 'यस्टरडे', आलं 1965 ला आणि गाजलं, भुर्जी कुणाच्या लक्षात नाही.

माझी पण एक चूक झाली. मी त्याला रोज सकाळी तीन पानं लिहायला सांगितली. रात्री बाराला घरी पोचणारा पोरगा सकाळी काय लिहिणार, कपाळ. पुढच्या वेळी तोंड लपवत आला, बहुतेक येणारच नव्हता. सोडून दिलं ते.

म्हणलं मोबाइल दे, रेकॉर्डिंग दाखव. शंभराच्या वर क्लिपा, एकही परत ऐकलेली नाही. आम्ही ऐकत बसलो, एकात प्रेस मशीनचा धडधड ठेका आणि वर ह्याचं गुणगुणणं, एकात नुसत्या शिव्या, आणि एकात 40 सेकंद बाइकवरचा वारा आणि मधेच वैतागून, "आज परत आण्णांची चप्पल घालून आलो राव." हे काय विचारलं तर म्हणे काही नाही मॅडम, शेतीला रात्रीची लाईट असली की मी घरी येतो तेव्हाच आण्णा मोटर चालू करायला निघतात, अंधारात दारात चपला बदलतात. आणि पुढच्या क्लिपवर गेला! मी म्हणलं थांब, मागे घे.

तेव्हा मला पटलं की सुचणं बंद झालेलंच नाहीये, हा सुचलेलं उंबऱ्यावरच हाकलून देतोय. पहिलं गाणं चाललं ना, त्यामुळं आता प्रत्येक ओळ लिहायच्या आधीच तिचे व्ह्यूज मोजतोय. लिहिणारा आणि पास-रिजेक्ट करणारा एकाच वेळी खुर्चीवर बसले की काय होणार, त्यात हा दिवसभर करतो पण तेच, गेज लावून माल रिजेक्ट.

मग ठरवलं, शिफ्टला निघायच्या आधी 20 मिनिटं, चंद्र पाऊस आणि 'तू' बंद, क्लिपांमधलीच एक गोष्ट उचलायची, आणि दर रविवारी जे असेल तो मुखडा मित्राला पाठवायचा, फालतू असला तरी. रविवार हवाच होता. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण लागायचं तेव्हा गदिमांनी आणि बाबूजींनी वर्षभर आठवड्याला एक अशी 56 गाणी दिली, तिथं मूड कोण विचारतंय. हे ऐकून तो घाबरलाच जरा, तर म्हणलं तुला छप्पन नको, एक दे.

पण त्या 8 महिन्यांचं त्याला जे पटलं ते मी नाही, आण्णांनी सांगितलं. शेवटी घरी बोलला तो. आण्णा म्हणाले, एप्रिलच्या खरड छाटणीला कधी द्राक्षं लागलेली बघितलीस का, तेव्हा नुसती काडी तयार होते, घड काडीतच धरतो पण दिसत नाही, दिसतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. मी फी घेते आणि हे बघा.

चार रविवार भंगार आलं. पाचव्याला आलं:

मी येतो तेव्हा बाप निघतो,
दारात चप्पल बदलून जाते.

अंतऱ्यात अडकला तेव्हा मला विचारलं, मॅडम, 'चप्पल' ठेवू का 'वहाण' करू, मात्रा दोन्हीच्या चारच आहेत. मी म्हणलं वहाण कर, छान वाटतं. त्यानं चप्पलच ठेवली, म्हणे आण्णा जन्मात कधी वहाण म्हणले नाहीत.