ट्रकला कुठले स्पीकर बसवावेत? इंजिन चालू केलं की शिट्टी का येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दहाचाकी गाडी, चार स्पीकर आणि वेगळा ॲम्प (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) बसवायचाय, बजेट 10 हजार, कंपनी कुठली घ्यावी. आत्ताच्या सेटमध्ये इंजिन चालू झालं की शिट्टी येते आणि आवाज वाढवला की डेक बंद पडून पुन्हा चालू होतो. शेवटी जाता जाता लिहिलंय, "वायरमनने एका बॅटरीवरून 12 व्होल्ट काढून दिलेत, त्यामुळे कन्व्हर्टरचा खर्च वाचला."

वाचला नाही हो, उधारीवर गेलाय. ट्रक 24 व्होल्टचा, सेट 12 चा, आणि 24 चे 12 करणारा डबा म्हणजे कन्व्हर्टर. स्पीकरचं नंतर बघू, ती वायर आधी काढा.

2016 सालची गोष्ट. माझी गाडी वर्षाची होती, हप्ते चालू होते आणि ड्रायव्हरही मीच. लोणंद मार्केटला कांदा भरायचा, सातारा, कराड, कोल्हापूर करत बेंगळुरूला यशवंतपूर यार्डात खाली करायचा, येताना मिळेल तो माल. गाडीत दोन स्पीकरचा साधा डेक होता. आमचे दाजी एकदा केबिनमध्ये बसले आणि म्हणाले, "काय रे हे, रिक्षात पण याच्यापेक्षा बरं वाजतं."

दाजींचं वायरिंगचं दुकान. एका रविवारी गाडी दारात लावून घेतली आणि संध्याकाळपर्यंत सगळं बसवून दिलं. चार चॅनेलचा ॲम्प सीटमागच्या बर्थखाली, दोन ओव्हल (लांबट गोल) स्पीकर वरच्या फळीत, दोन सहा इंची दारांत. मी विचारलं, "दाजी, गाडी चोवीसची, ॲम्प बाराचा, मग मध्ये कन्व्हर्टर?" तर म्हणाले, "अरे खुळ्या, चोवीस म्हणजे बारा अधिक बारा. खालच्या, म्हणजे बॉडीला अर्थ असलेल्या बॅटरीवरून घेतलं की झालं. शंभर गाड्या केल्यात अशा." पैसे घेतले नाहीत. पाव्हण्याकडून पैसे कसले घ्यायचे! फुकटच्या कामाचं हेच दुखणं, नंतर तोंड उघडता येत नाही.

वाजायचं मात्र झकास, खोटं कशाला बोलू. फक्त बारीक शिट्टी यायची. ॲक्सिलेटर दाबला की चढायची, सोडला की उतरायची. डेकचा आवाज शून्यावर केला तरी येतेय म्हटल्यावर मला वाटलं टर्बो गेला. दोन मिस्त्र्यांना दाखवून झालं. एकाने होजचे क्लिप आवळून दिले, दुसरा टर्बो खोलायलाच निघाला होता. तिसऱ्या दिवशी क्लीनर पोरगं ॲम्पचा फ्यूज काढून गंमत म्हणून खेळत होतं आणि टर्बो आपोआप बरा झाला. दाजींना फोन केला तर म्हणे, "एवढं चालायचंच, गाणं लावलं की ऐकू येत नाही."

ऑगस्टमध्ये, बसवून चार महिने झाल्यावर, संकेश्वरच्या पुढे एका ढाब्यावर रात्री दोनला गाडी लावली. धो धो पाऊस. सेट बंद, लाईट बंद, झोपलो. पहाटे पाचला चावी फिरवली तर नुसतं "टक". परत "टक". डॅशबोर्डचे दिवे लागतायत आणि स्टार्टर घेतला की मान टाकतायत. मागे 16 टन कांदा. ताडपत्रीखाली भिजका कांदा उभा राहिला की काय होतं ते कांदेवाल्यांना सांगायला नको. सात वाजेपर्यंत कडेने वाफ यायला लागली आणि तो वास.

ढाबेवाल्याने संकेश्वरातून एक म्हातारा वायरमन बोलावला. लुनावर, मध्ये बॅटरी बांधून आला. कानडी जास्त, मराठी कामापुरती. काही विचारलं नाही, आधी मीटर लावला. वरची बॅटरी 12.7, खालची 10.8. मग दोन्हींची बुचं उघडून आत टॉर्चचा उजेड दाखवत म्हणाला, "बघा." वरच्या बॅटरीत पाणी पार तळाला, प्लेटी उघड्या पडलेल्या, सडक्या अंड्यासारखा वास. खालच्या बॅटरीत पाणी काठोकाठ, पण प्लेटी पांढुरक्या. त्याने स्वतःची एकच बॅटरी खालच्या बॅटरीला जोडली, गाडी एका दमात चालू. ती काढून घेतली आणि चालू इंजिनवर पुन्हा मीटर लावला: वरची 15.3, खालची 12.5. बेरीज 27.8, म्हणजे बॅटऱ्या चार्ज करणारा अल्टरनेटर अगदी ठणठणीत. मी दोन्ही आकडे बिल्टीच्या (मालाच्या पावतीच्या) मागे लिहून घेतले, आणि तो कागद आजही गाडीच्या फाईलमध्ये आहे. का, ते पुढे कळेल.

झालं होतं ते एवढंच. अल्टरनेटर फक्त दोन्ही बॅटऱ्यांची बेरीज बघतो. 28 च्या आसपास झाले की त्याचं समाधान. कोणाला किती मिळालं हे त्याला कळत नाही. तुम्ही खालच्या बॅटरीतून रोज ॲम्पला पाजताय, म्हणून ती कायम अर्धपोटी. वरची केव्हाच भरलेली असते, तरी चार्जिंग तिच्यातूनच पुढे जातं, म्हणून ती उकळत राहते. एक उपाशी मरते, दुसरी खाऊन खाऊन. बारीक डेक असेल तर वर्ष निघतं, ॲम्प असेल तर माझ्यासारखे चार महिने. आणि जोडीतली एकच बॅटरी बदलून भागत नाही, जुनी नवीला घेऊन जाते. मला दोन्ही बदलाव्या लागल्या. वर यशवंतपूरला कांदा उशिरा पोचला म्हणून व्यापाऱ्याने भाव पाडला तो वेगळाच.

दाजींचं म्हणणं काय? "तू रात्रभर गाणी लावून झोपला असशील." नंतर म्हणे बॅटरीच डुप्लिकेट होती. मग म्हणे संकेश्वरच्या वायरमनने तुला शेंडी लावली. अहो, गाणी लावून झोपलो असतो तर बॅटरी उतरली असती, मान्य. पण चालू इंजिनवर एकीला 15.3 आणि दुसरीला 12.5 कसं दाखवेल? डुप्लिकेट म्हणाल तर दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी गाडीबरोबर आलेल्या. यावर आजवर उत्तर नाही. भाचीच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत विषय निघाला तर म्हणाले, "आता जुनं काय उकरतोस." मी उकरत नाही, कागद आहे माझ्याकडे.

असो. तुमचं बघू.

शिट्टी. आधी मोबाईल चार्जिंगला लावून ऑक्सच्या वायरने गाणी लावता का ते सांगा. तसं असेल तर चार्जर काढून बघा. निम्म्या गाड्यांची शिट्टी तिथेच मरते. ब्लूटूथवर लावा, विषय संपला. तरीही येत असेल आणि गाडीत ॲम्प असेल तर डेककडून ॲम्पला जाणाऱ्या आरसीए पिना ॲम्पच्या बाजूने उपटा. शिट्टी थांबली तर दोष डेककडे किंवा त्या वायरमध्ये आहे. नाही थांबली तर ॲम्पच्या सप्लायमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. माझ्याकडे आरसीए आणि सप्लायची जाड वायर दाजींनी एकाच पाइपातून नेली होती, शिवाय डेकचा अर्थ डॅशबोर्डच्या स्क्रूला आणि ॲम्पचा बर्थच्या नटाला, तोही रंगावरच. दोन्ही अर्थ एका जागी आणले, तिथला रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडला, वायरच्या टोकाला लग (धातूची कडी) मारून आवळला, आरसीए दुसऱ्या बाजूने नेली. गेली शिट्टी. खर्च शंभर रुपये, तोही लगचा आणि चहाचा.

आवाज वाढवला की बंद पडणं. मीटरच्या पिना ॲम्पच्या (ॲम्प नसेल तर डेकच्या) सप्लायवर धरा आणि कोणाला तरी आवाज वाढवायला सांगा. बेसच्या ठोक्याला काटा 11 च्या खाली जात असेल तर पुरवठा कमी पडतोय. वायर बारीक आहे, फ्यूजची बैठक जळालीय, किंवा तुमच्या बाबतीत ती उपाशी बॅटरीच. काटा हलत नाही आणि तरी बंद पडतंय, तर स्पीकरकडे बघा. स्पीकरच्या वायरी ॲम्पकडून किंवा डेककडून सोडवा आणि त्यांना मीटर लावा. 4 ओहमचा एक स्पीकर साधारण 3.2 ते 3.8 दाखवतो. दोनच्या खाली दाखवला तर एकाच चॅनेलवर दोन जोडलेत. काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा वायर तुटली. दाराच्या बिजागरीत वायर घासून पत्र्याला लागली असेल तरीही ॲम्प असाच जीव वाचवायला बंद पडतो. ते मी दोनदा पाहिलंय.

बेसच येत नाही अशी तक्रार पुढे येणार, म्हणून आत्ताच सांगतो. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे झाले की दोघे एकमेकांचा बेस खातात. पेन्सिल सेल घ्या, स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. कोन बाहेर उडी मारतो तेव्हा सेलचं प्लस ज्या टोकाला आहे ते प्लस. चारही स्पीकर असे तपासून खडूने खुणा करा. कंपनीच्या खुणेवर किंवा कोणाच्या दाजींवर विसंबू नका.

आता विकत काय घ्यायचं. माझं स्पष्ट मत, ट्रकला वेगळा ॲम्प आणि सबवूफर हा पैशाचा धूर आहे. इंजिन आणि टायर खालच्या सुरात इतके गुरगुरत असतात की बेस त्यातच बुडतो, मग तुम्ही तो आणखी वाढवता आणि गाण्याचे शब्द कळत नाहीत. रात्री एकट्या माणसाला शब्द लागतात. थेट 24 व्होल्टवर चालणारा डेक मिळतो, तो घ्या. कन्व्हर्टर नको, ॲम्प नको. खोक्यावर 4 गुणिले 50 वॉट लिहिलं असलं तरी अशा डेकमधून एका चॅनेलला खरे विसेक वॉटच निघतात, आणि केबिन केवढी? विसेक वॉट पुष्कळ झाले, पण स्पीकर बोलका हवा. खोक्यावर सेन्सिटिव्हिटी डीबीमध्ये लिहिलेली असते, ती 90 च्या वर बघा. 3 डीबी जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मे वॉट पुरतात. दुकानदार 500 वॉट, 600 वॉट दाखवेल, ते पीक, म्हणजे क्षणभराचे. आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॉट विचारा, गप्प बसेल. चार कशाला, दोन ओव्हल पुरे, फक्त उघड्या फळीत टांगू नका. मागून प्लायचा बंद खोका करा. बेसचा निम्मा फरक त्या खोक्याने पडतो.

ॲम्प घ्यायचाच असेल तर हिशेब करून घ्या. 60 वॉटचे चार चॅनेल म्हणजे 240, ॲम्प स्वतः जवळजवळ तेवढंच उष्णतेत घालवतो, म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे वॉट ओढणार, 12 व्होल्टवर तेच पस्तीसेक अँपिअर. रोजच्या गाण्यात एवढं सतत लागत नाही, पण 10 अँपिअरचा कन्व्हर्टर लावून वर मोठा ॲम्प बसवला तर ठोक्याठोक्याला बंद पडणार. 30 चा घ्या, "सतत" 30 चा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, ॲम्पजवळ नको. वायर मध्ये कुठे पत्र्याला लागली तर ॲम्पजवळचा फ्यूज बघत बसेल आणि केबिन पेटेल.

आता इमानदारीत थोडं दाजींच्या बाजूने. बॅटरी इक्वलायझर म्हणून एक डबा मिळतो, तो दोन बॅटऱ्यांमध्ये चार्ज सारखा वाटतो. तो बसवला तर एका बॅटरीवरून घेतलेलं चालतं. पण तो कन्व्हर्टरपेक्षा स्वस्त नसतो, आणि दाजींनी तो बसवला नव्हता. दुसरं, माझं बेसबद्दलचं मत बिनएसीच्या, काचा उघड्या ठेवून चालणाऱ्या केबिनचं आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना एसी केबिन सक्तीची आहे. तुमची गाडी तशी असेल तर काचा बंद असतात आणि कमी आवाजातही गाणं नीट लागतं. मात्र काचा बंद आणि सेट मोठा असला की ब्रेकची एअर लीक होतेय हे ऐकूही येत नाही. घाट उतरताना बंद करत जा.

कंपनी विचारली होती. सोनी, पायोनियर, जेबीएल, काहीही घ्या, बिलावर घ्या. बाजारात नकली माल बराच आहे.

आणि हो, ती वायर काढायला घ्याल तेव्हा आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवा. माझ्या गाडीच्या बॅटरीपेटीच्या झाकणाला करंगळीएवढा खड्डा पडलाय, कडा वितळलेल्या. दाजींचा तेरा-चौदाचा पाना प्लसवर असताना तिथे लागला होता. पाना त्यांच्याच दुकानात आहे, एका तोंडाने अर्धा. विचारलं तर म्हणतात, जुना आहे.