तोटा दिसत असूनही युद्ध का?

प्रश्न : २०२२ साली रशिया-युक्रेन युद्ध सुरू होताच उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीला पिग आयर्नच्या वाढलेल्या दराचा फटका बसला आणि घरात सूर्यफुलाचे तेलही महागले. दूरवरच्या आम्हांला एवढी झळ, तर लढणाऱ्यांचे काय होत असेल? मग देश युद्ध सुरू का करतात, आणि परवडत नाही हे कळल्यावर तरी ते थांबवत का नाहीत?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : युद्ध पुकारणाऱ्यांना खर्च दिसत नाही असे नव्हे, तो थोडाच काळ सोसावा लागेल आणि शेवटी हरणाऱ्याच्या माथी मारता येईल, असा त्यांचा हिशेब असतो. या हिशेबाला कधीकधी आधारही असतो. १८७१ च्या तहानुसार जर्मनीने पराभूत फ्रान्सकडून पाच अब्ज फ्रँक खरोखरच वसूल केले होते. पहिल्या महायुद्धात कर्जरोखे काढताना जर्मन राज्यकर्त्यांना तीच आशा होती; प्रत्यक्षात भरपाई त्यांच्यावरच लादली गेली.

शिवाय निर्णय घेणारा एक आणि किंमत मोजणारा दुसरा असतो. खानापूर-चिकोडीकडे बांधाच्या दाव्यापायी जमिनीच्या मोलाहून जास्त पैसा कोर्टात घालवणारे भेटतात, पण तो पैसा निदान त्यांच्या स्वतःच्या खिशातला असतो. १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कुट येथे वेढ्यात उपासमार सोसून शरण गेलेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेत मराठा पलटणीही होत्या. मोहीम आखणाऱ्यांच्या ताटात मात्र काही कमी पडले नव्हते.

युद्ध का थांबत नाही, हे इराण-इराक युद्धात सर्वांत स्पष्ट दिसते. १९७५ मध्ये इराणशी केलेल्या करारात सीमेवरच्या शत्त अल-अरब नदीच्या अर्ध्या पात्रावरचा हक्क सोडावा लागल्याची सल, तिथल्या इस्लामी क्रांतीचे लोण आपल्याकडे येईल ही धास्ती आणि त्या क्रांतीने इराण खिळखिळा झाला असल्याचा अंदाज, या बळावर इराकचे अध्यक्ष सद्दाम हुसेन यांनी सप्टेंबर १९८० मध्ये इराणवर हल्ला केला. मे १९८२ मध्ये इराणने आपले गमावलेले खोर्रमशहर हे शहर परत जिंकले आणि इराकने युद्धबंदीची तयारी दाखवली. पैशांचाच विचार असता तर प्रकरण तिथेच मिटते. पण आता जिंकण्याची आशा इराणला लागली होती, आणि इराकला कुवेत व सौदी अरेबियाची कर्जे मिळत होती. एकमेकांची तेलकेंद्रे आणि तेलवाहू जहाजे जाळत दोघेही आणखी सहा वर्षे लढले. माझ्या मते, माघार घेतल्यास मेलेल्यांचा हिशेब द्यावा लागतो, ही भीतीच राज्यकर्त्यांना कर्जापेक्षा मोठी वाटते. १९८८ मध्ये इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी यांनी युद्धबंदी मान्य केली, तीही विष पिण्यासारखे आहे असे म्हणत.

सीमा होती तिथेच राहिली. कर्जाचा बोजा हे ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवर झालेल्या इराकी आक्रमणाचे एक मोठे कारण ठरले. आणि त्याच महिन्यात, इराणची बाजू शांत राहावी म्हणून, सद्दाम यांनी १९७५ चा तो करार पुन्हा मान्य केला.